टकटक वाजणारी डिस्क आणि जुना स्कॅन

मेंदूतल्या गाठीसाठी किंवा मणक्याच्या दुखण्यासाठी रुग्ण पुन्हा तपासणीला आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधीचा स्कॅन कुठे आहे? गाठ वाढली की तेवढीच राहिली, हे आजच्या एका चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी दोन चित्रे शेजारी ठेवावी लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा मिळत नाही. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षातले काही महिने कारखान्याच्या फडावर असतात. फिल्म पत्र्याच्या पेटीत चिकटते, रिपोर्टचा कागद विरतो. मग नातेवाईक तपासणी केंद्राकडे धाव घेतात आणि तिथे ऐकायला मिळते, ‘ती हार्ड डिस्क गेली हो.’

एका सीटी स्कॅनमध्ये पाचशे छेद धरले तर साधारण २५० मेगाबाइट माहिती होते. मशीनच्या संगणकावर जागा पुरत नाही म्हणून जुने स्कॅन खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कवर हलवले जातात आणि मूळ प्रती पुसल्या जातात. लोक याला ‘बॅकअप’ म्हणतात. पण प्रत एकच असेल तर ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली, आणि तीही जास्त नाजूक जागी.

या डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला सहसा ५,४०० फेरे घेतात. माहिती वाचणारे टोक, म्हणजे हेड, त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून ही फट किती बारीक आहे ते समजावे. चालू डिस्क टेबलावरून पडली किंवा केबलला पाय लागून ओढली गेली, तर हेड तबकडीला घासते. ठरावीक अंतराने येणारी टकटक ही बहुधा हेड जागा शोधत असल्याची आणि ती सापडत नसल्याची खूण असते.

हा आवाज ऐकून माणसे नेमके नको ते करतात. डिस्क दहा वेळा काढून लावतात, हलवतात, थापट्या मारतात. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिने चढायला लावण्यातलाच हा प्रकार. बिघडलेले हेड प्रत्येक फेरीत तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडत असते आणि खरवडलेला थर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही फिरत असतो. थंड तबकडीवर बाहेरच्या हवेतले बाष्प जमते, त्यामुळे तो उपाय अंगाशी येतो. घरी स्क्रू काढून झाकण उघडणे तर सपशेल चूक, कारण धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. टकटक आली की वीज बंद करावी आणि हात लावू नये.

आवाज नाही, डिस्क फिरते, पण संगणक ‘फॉरमॅट करा’ म्हणतो, अशी अवस्था असेल तर आशा बरीच असते. अशा वेळी बहुधा माहिती जागेवर असते, तिची अनुक्रमणिका बिघडलेली असते. ‘नाही’ म्हणावे. दुरुस्तीचा प्रोग्राम थेट त्या डिस्कवर चालवू नये. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि शोधाशोध त्या नकलेवर करावी. चांगला तंत्रज्ञ हेच करतो. पूर्वी सर्किटचे कार्ड बदलून काम भागे. आता त्या-त्या डिस्कच्या जुळणीची माहिती कार्डावरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे नुसते दुसरे कार्ड लावून सहसा काही होत नाही.

चमत्कार वाटावा अशी उदाहरणे आहेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात जणांना घेऊन परतणारे कोलंबिया यान कोसळले. त्याच्या अवशेषांत झेनॉनवरच्या एका प्रयोगाची जळकी डिस्क सापडली. तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती तज्ज्ञांनी मिळवली आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण त्यात नशिबाचा भाग होता. माहिती तबकडीच्या एका भागात सलग लिहिलेली होती आणि मोठी इजा रिकाम्या भागाला झाली होती. आजच्या डिस्कवर त्याच जागेत कितीतरी पट माहिती कोंबलेली असते. त्यामुळे या गोष्टीवरून कुणी निर्धास्त होऊ नये.

खरा दोष डिस्कचा नाही. यंत्र कधीतरी बिघडणारच. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. महागडे मशीन घेणाऱ्या केंद्राला आणखी एक-दोन डिस्क जड जाऊ नयेत. एक प्रत मशीनशेजारी, दुसरी वेगळ्या प्रकारच्या साधनावर, तिसरी दुसऱ्या इमारतीत, इतके तरी हवेच. सरकारी दवाखान्यांतही साधनांच्या मागणीपत्रात ही ओळ दिसली पाहिजे. ‘आभा’ क्रमांक आहे, म्हणजे सगळे सरकारकडे साठले, हा समजही चुकीचा आहे. त्या व्यवस्थेत नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात, क्रमांक फक्त त्यांना जोडतो. केंद्राची डिस्क गेली की जोडायला उरते काय?

रुग्णानेही फिल्मवर समाधान मानू नये. फिल्मवर निवडक चित्रे असतात. पूर्ण स्कॅन सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्यावा आणि एक प्रत गावाबाहेर राहणाऱ्या मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. नगरच्या वस्तुसंग्रहालयातले मोडी कागद वाचणारा भेटला की आजही वाचता येतात. डिस्कला ती सवलत नाही, म्हणून सहा महिन्यांतून एकदा जुना एखादा स्कॅन उघडून पाहावा.

आणखी एक. बिघडलेल्या डिस्कवर शेकडो रुग्णांची नावे आणि आजार असतात. ती ओळखीच्या मोबाइल दुकानात टाकून येण्याआधी ती कोण उघडणार, नकलेचे पुढे काय होणार आणि माहिती मिळाली नाही तर पैसे किती, हे केंद्रचालकाने लेखी घ्यावे.