गर कोणी काढला?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या जोडप्यांच्या इन्स्टावर एकच फोटो फिरतो. एकसारखे स्वेटर, मध्ये कोरलेला भोपळा, आत मेणबत्ती, खाली 'आमची परंपरा'. 'हा आपला सण आहे का?' असं विचारणाऱ्या काकांच्या पार्टीत मी नाही. खुशाल कोरा. पण एक सांगा, गर कोणी काढला?

ज्यांनी कधी कोरला नाही त्यांच्यासाठी: आधी देठाभोवती झाकण तिरकं कापायचं, सरळ कापलं तर ते आत पडतं. मग कोपरापर्यंत हात घालून गिळगिळीत धागे आणि बिया उपसायच्या. मग चमच्याने आतली बाजू खरवडत बसायचं, साल इंचभर जाड उरेपर्यंत. मनगट भरून येतं. डोळे-दात कोरणं त्यामानाने मजेचं काम. बरं, भाजी होईल म्हणाल, तर कोरायला मिळणारा हाउडन जातीचा भोपळा दिसायला देखणा, चवीला पाणचट.

गेल्या वर्षी न्यू जर्सीत आमच्या घरी डिझाइन मी डाउनलोड केलं, सुरी मी धरली. गर बायकोने काढला, बिया धुतल्या, बरबटलेले कागद गुंडाळले. आठवड्याभरात भोपळ्याला बुरशी आली, तो उचलून टाकला तिनेच. फोटोत सुरी धरून हसतोय मी. ऑफिसात बॅकएंडवाल्याचं श्रेय डेमो देणाऱ्याला गेलं की मी दोन दिवस धुमसतो, हे इथे नमूद करून ठेवतो.

आयरिश-स्कॉटिश लोक भोपळ्याआधी सलगम कोरायचे. भोपळा त्यांना अमेरिकेत आल्यावर मिळाला. जोडप्यांसाठी त्यांच्याकडे या रात्रीचा वेगळाच खेळ होता. रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ साली छापलेल्या 'हॅलोविन' कवितेत तो आहे. दोघांच्या नावाने दोन हेझलनट निखाऱ्यात टाकायचे. शेजारी शांत जळले तर जमेल, एखादं फुटून उडालं तर कठीण. म्हणजे ती चक्क परीक्षा होती, आणि निकाल सगळ्यांसमोर लागायचा. आपण परीक्षा काढून टाकली आणि फक्त निकालाचा फोटो ठेवला.

म्हणून यंदा फोटो टाकणार असाल तर गर काढतानाचा टाका, कोणाचा हात आत आहे ते दिसू दे. आमच्याकडे सुरी तिच्याकडे दिली आहे. फोनही तीच धरेल, माझे हात बरबटलेले असतील.