आईच्या पिशवीचा कॅन्सर आणि मुलीची सोयरीक

सोयरीक जुळवताना मुलाकडची मंडळी शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात आणि उठता उठता हळूच आणखी एक गोष्ट विचारतात : मुलीची आई कशाने गेली? पिशवीच्या कॅन्सरने गेली असे कळले की चहापोहे गोड बोलून होतात, निरोप मात्र येत नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात समाजकार्यासाठी फिरताना हा प्रकार आम्ही एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे. मुलगी धडधाकट, बारावी झालेली, आणि तिच्यावर शिक्का बसतो आईच्या आजाराचा.

लोकांची भीती कोठून आली तेही समजून घेतले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल घरोघर ठाऊक आहे. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आला तर मूल आजारी, एकाकडूनच आला तर ते वाहक, एवढे आता पथारीवर मिरचीचे देठ खुडणारी बाईसुद्धा सांगते. त्यामुळे ‘जनुक’ हा शब्द ऐकला की तो पुढच्या पिढीत उतरणारच, असे लोक धरून चालतात. पिशवीच्या कॅन्सरात जनुकांचा हात असतो हे खरे आहे. पण तो हात कसा असतो, हे समजावून सांगायला कोणाला वेळ नाही. भगिनींनी हे वाचावेच, पण सोयरीक मोडणारे बहुधा पुरुष असतात, म्हणून बंधूंनीही वाचावे.

आधी एक घोटाळा दूर करू. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा वेगळा. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे अधिक आढळतो आणि तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. आज आम्ही लिहीत आहोत ते अस्तराच्या कॅन्सरविषयी.

हे अस्तर दर महिन्याला वाढते आणि गर्भ राहिला नाही तर पाळीतून पडून जाते. त्याच्यावर दोन साहेबांचा हुकूम चालतो. इस्ट्रोजेन म्हणते, वाढवा. प्रोजेस्टेरॉन म्हणते, पुरे, थांबवा. आम्ही पडलो कारकून, तेव्हा कचेरीतलाच दाखला देतो. साहेबाचा हुकूम कितीही मोठा असो, आवक टेबलावर तो घेणारा माणूस नसेल तर फाईल हलत नाही. पेशीत हा हुकूम घेणारा जो असतो त्याला रिसेप्टर म्हणतात. दोन साहेबांचे दोन वेगळे रिसेप्टर, आणि ते तयार करण्याची कृती ज्यात लिहिलेली असते ते जनुक. इस्ट्रोजेनच्या मुख्य रिसेप्टरचा जनुक ६ व्या गुणसूत्रावर आहे. प्रोजेस्टेरॉनचा ११ व्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे सिकलसेलचा जनुक ज्या गुणसूत्रावर आहे त्याच गुणसूत्रावर. शेजार आहे, पण स्वभाव अगदी निराळा.

असे आवक टेबल पेशीत असते, हे १९५० चे दशक संपता संपता कळले. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी खूण केलेले किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचले. ते रक्तातून सगळीकडे गेले, पण पिशवीने मात्र ते धरून ठेवले. संप्रेरके आणि कॅन्सर यांचा संबंध शोधण्याच्या कामात महाराष्ट्रही मागे नव्हता. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर याच अंगाने काम केले. आपल्या मुलींना ही नावे शाळेत सांगितली जात नाहीत, ही खंत आहे.

आता बिघाड कसा होतो ते पाहा. पाळी गेल्यावर प्रोजेस्टेरॉन जवळजवळ थांबते, पण शरीरातली चरबी दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहते. म्हणजे ‘वाढवा’ हा हुकूम येतो, ‘थांबवा’ येत नाही. वजन फार वाढलेल्या आणि वर्षानुवर्षे पाळी अनियमित असलेल्या बायांमध्ये असेच घडते. पेशी पुनःपुन्हा दुभंगतात, नक्कल करताना जनुकांत चुका पडतात, आणि एखादी चूक आवरेनाशी होते. या चुका बहुतेक वेळा त्या बाईच्या हयातीत, तिच्या पिशवीतल्या पेशीत घडलेल्या असतात. तिच्या लेकीला त्या जात नाहीत.

जन्मजात फरक अजिबात नसतोच असे नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीतून २००२ साली प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरच्या जनुकातला एक फरक पुढे आला. तो असणाऱ्यांना धोका अधिक दिसला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसे दिसले नाही. असा फरक तराजूत चिमूटभर वजन टाकतो, सिकलसेलसारखा निकाल लावत नाही. खरा वारसा शंभरात तीन ते पाच रुग्णांत असतो, आणि तो या रिसेप्टरचा नसून नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा. एकाच घरात दोघा-तिघांना पिशवीचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तोही पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. तेथे मुलाचीही तपासणी लागते, कारण हा वारसा मुलगा-मुलगी पाहत नाही. मग शिक्का एकट्या मुलीवर का?

करणी, बाहेरची बाधा, अंगातली उष्णता यांचा या आजाराशी काही संबंध नाही. भगताकडे गेलेले महिने मात्र परत येत नाहीत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा डाग जरी दिसला तरी दवाखाना गाठावा. पाळी गेल्यानंतर हा कॅन्सर होणाऱ्या दहापैकी नऊ जणींना ही खूण दिसते. उलट, असा डाग दिसणाऱ्या दहांपैकी साधारण एकीलाच कॅन्सर निघतो, म्हणून घाबरून घरी बसू नये. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायांनी विशेष लक्ष द्यावे. हे औषध स्तनात इस्ट्रोजेनचे टेबल अडवते, पिशवीत मात्र स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डाग दिसल्यास सांगावे.

दुसऱ्या बाजूचाही धोका आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अनेकींना कॅन्सरचे भय घातले होते. आपल्या नंदुरबारच्या बायाही ऊसतोडीला गुजरातेत जातात. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावर कोणी पिशवी काढा म्हणाले तर आधी सोनोग्राफी, आणि शंका असेल तर अस्तराचा तुकडा तपासून कागद मागावा.

कॅन्सर ठरलाच, तर सुरुवातीच्या अवस्थेत पिशवी काढणे हाच मुख्य उपचार आहे, तेथे टाळाटाळ नको. त्या तुकड्याच्या अहवालात ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशी दोन अक्षरी नावे दिसतात. हेच ते दोन रिसेप्टर. १९६१ मध्ये केली आणि बेकर या अमेरिकी डॉक्टरांनी आजार पसरलेल्या २१ बायांना प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध दिले, तेव्हा सहा जणींची गाठ ओसरली. बाकीच्यांची का नाही, याचे मोठे कारण नंतर कळले : आजार जहाल होतो तशी ही टेबले रिकामी होत जातात, आणि साहेबाचा हुकूम घ्यायला तेथे कोणी उरत नाही. म्हणून अहवालात या दोन नावांपुढे काय लिहिले आहे ते डॉक्टरांना विचारावे, आणि तो कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, तेथे दोन्ही कागद लागतात.