चिमठाण्याचा खजिना आणि जमिनीचा प्रश्न

खानदेशात क्रांतीची आठवण निघाली की चिमठाणे येतेच. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शिंदखेडे तालुक्यातील या गावाजवळ लुटला आणि सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, आणि आमच्या खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील ही नावे त्या दिवसाशी जोडलेली आहेत. व्याख्यानांत हा प्रसंग रंगतो. मोटार कशी अडवली, माणसे कुठल्या वाटेने पांगली, याचे वर्णन होते आणि टाळ्या पडतात. ज्या सरकारासाठी तो पैसा नेला, त्याने शेतकऱ्याच्या कर्जाचे आणि जमिनीचे काय केले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस हा प्रश्न लुटीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो विचारावा असेही वाटते, कारण प्रतिसरकारची साहसकथा करून टाकण्यात आपल्या चरित्रकारांचा आणि कथालेखकांचा वाटा मोठा आहे.

१९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा बराचसा सांगली जिल्हा त्यातच होता) जे चालले, त्याला सरकार म्हणण्याजोगे पुष्कळ काही होते. गावोगाव न्यायदान मंडळे होती. जमिनीचे व देण्याघेण्याचे तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटत. सावकाराच्या जाचाला आळा बसला, दारूबंदी झाली, कमी खर्चातली लग्ने लागली. शेतकऱ्याचे घर कोर्टखर्चात, व्याजात आणि लग्नात बुडते हे ओळखून या तिन्ही ठिकाणी हात घालणे, हे आमच्या मते पक्के आर्थिक धोरण होते. ते कोणत्याही पुस्तकातून उचललेले नव्हते. त्याला सरसकट डावे म्हणणे मात्र घाईचे होईल. काँग्रेसचे, समाजवादी आणि पुढे लाल बावट्याखाली गेलेले, असे सगळेच त्यात होते. स्वतः नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात व नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून आले.

पण जमिनीचे फेरवाटप प्रतिसरकारने केले नाही.

याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. सातारा हा रयतवारीचा मुलूख. प्रतिसरकारला भाकरी देणारा आणि त्याच्यासाठी तुरुंगात जाणारा माणूस बहुधा स्वतःच्या नावावर चार-दोन एकर असलेला शेतकरी होता. त्याला भय होते ते गहाण पडलेले रान हातचे जाण्याचे. शेजारच्याची जमीन वाटून घ्यावी अशी त्याची मागणी नव्हती. निजामी राज्यात देशमुखांकडे हजारो एकर असल्यामुळे तेलंगणाच्या लढ्याने (१९४६–५१) जमीनवाटप हाती घेतले, पी. सुंदरय्या यांच्या लेखनानुसार दहा लाख एकर वाटली गेली. दोन्हींना एकच माप लावणे अन्यायाचे होईल.

खानदेशाची गोष्ट वेगळी. १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. सारा व खंड कमी करणे, कर्जाला स्थगिती, सहकारी शेती, शेतमजुराला निर्वाहापुरती मजुरी असे त्यात बरेच होते. आमच्या पारोळ्याकडच्या कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला हा कार्यक्रम आपला वाटावा असाच होता. पण तापीकाठी शहादे-तळोद्याकडे पाहिले तर प्रश्न निराळा दिसतो. तिथला भिल्ल शेतकरी कर्जापोटी आपली जमीन सधन शेतकऱ्याला कसायला देऊन त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबत होता. जमीन होती, पण तिचा मालक तिच्यावर मजूर होता.

आणि इथेच 'कसेल त्याची जमीन' ही आपली लाडकी घोषणा उलटी फिरली. १९४८ चा मुंबई कुळकायदा कुळाच्या रक्षणासाठी झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारे कूळ मालक मानले जाऊ लागले. कोकणातल्या खोताच्या कुळाला हे वरदान होते. शहाद्यात मात्र कागदावरचे 'कूळ' म्हणजे ट्रॅक्टरवाला बागाईतदार आणि 'मालक' म्हणजे अंगठेबहाद्दर आदिवासी! कायद्याने कुळाला जमीन दिली, ती अशा ठिकाणी गरिबाच्या हातून काढून. हा पेच कल्पनेतला नाही. आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील व्यवहारांना लागू केला गेला, आणि कुळकायद्याखाली बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचाही त्यात विचार आहे. पुरोगामी कायद्याची दुरुस्ती करायला दुसरा पुरोगामी कायदा लागला.

तो कायदा मुंबईत कुणाच्या सहृदयतेतून उपजला असे मानण्याचे कारण नाही. १९७१ चे पाटीलवाडी प्रकरण, अंबरसिंग महाराजांचे काम, ३० जानेवारी १९७२ चा शहाद्याचा भूमुक्ती मेळावा, आणि त्याच वर्षी उभी राहिलेली श्रमिक संघटना हे सारे त्याच्या आधीचे आहे. सातबारा काय म्हणतो, फेरफार कधी पडला, पीकपाहणीला कोणाचे नाव लागले, हे ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी ते विचारायला सुरुवात केली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून डाव्या आघाडीने केलेले 'ऑपरेशन बर्गा' तरी मुळात काय होते? बटाईदाराचे नाव नोंदवहीत लिहिणे! सुमारे १४ लाख नावे लिहिली गेली आणि नाव लागलेल्याला हुसकणे अवघड झाले. क्रांतीच्या कल्पनेला हे फार रुक्ष वाटेल. पण तलाठ्याच्या दप्तराइतके जालीम हत्यार खेड्यात दुसरे नसते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही.

मराठी ग्रामीण साहित्याकडे आमची तक्रार आहे ती इथे. त्यात 'काळी आई' उदंड आहे. तिची ओटी भरली जाते, तिच्यासाठी डोळे ओले होतात. पण आई म्हटले की ती कोणाच्या नावावर आहे हे विचारणे असभ्य ठरते, आणि जमिनीच्या मालकाला ही असभ्यता टळलेली हवीच असते. बांधावरून भाऊबंदकी रंगवणारे लेखक पुष्कळ, सालदाराच्या करारावर थांबणारे थोडे. याच चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहात जमीन आईच्या रूपात येत नाही, असे नाही. पण तिथे बोलणारा माणूस तिच्यावरून हुसकला गेलेला आहे, आणि आपल्या वतीने इतरांनी बोलू नये असे त्याचे म्हणणे आहे. आमच्या वर्गांत हा संग्रह 'आदिवासी जाणीव' या मथळ्याखाली एका तासात उरकला जातो. तो शिकवताना सोबत एखादा जुना सातबारा, त्यावरील फेरफार क्रमांकांसह, विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि कोणाचे नाव कोणत्या साली कमी झाले ते त्यांना शोधू द्यावे, अशी आमची सूचना आहे. अभ्यास मंडळाच्या परवानगीची त्याला गरज नाही.