चंडोलाची ओळख व माळाची किंमत

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याची जमीन आहे, त्यानें चंडोल ऐकला नाहीं असें होणें नाहीं. परंतु ऐकणें निराळें व ओळखणें निराळें. माळावरून कोणतेंही मातकट पांखरूं उडालें कीं आपण त्यास चिमणी म्हणून मोकळे होतों. बैलाच्या शिंगांची ठेवण पाहून जो त्याची जात सांगतो, त्या शेतकऱ्यास आपल्याच रानांत बारमाही राहणाऱ्या पक्ष्याची जात सांगतां येऊं नये, हें आमच्या मतें बरें नव्हे. आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. चंडोल ज्या जमिनीवर राहतो, तिला आपण 'पडीक' असें नांव देऊन ठेविलें आहे, व त्या एका शब्दापायीं ती जमीन हातची जात आहे.

प्रथम ओळख. आपल्याकडे मुख्यत्वें तीन जातींचे चंडोल दिसतात. डोक्यावर टोकदार तुरा, अंग तांबूस मातकट, छातीवर मोजक्या काळसर रेघा व आकार चिमणीएवढा, तो तुरेवाला चंडोल. त्याचे नर-मादी सारखेच दिसतात. दुसरा डोंबारी. याचा नर ओळखण्यास अत्यंत सोपा. डोकें राखी, पाठ भुरकट, परंतु छाती, पोट व डोळ्यावरून जाणारी पट्टी काळीकुट्ट. बहुतेक पांखरें वरून गडद व खालून फिकीं असतात. येथें नेमकें उलट. त्याची मादी साधी व मातकट असल्यामुळें तीच चिमणी म्हणून खपते. हा नर फडफडत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खालीं येतो, त्याच वेगानें पुन्हां वर उसळून लांब शीळ घालतो, आणि असें अनेक वेळां करून मग जमिनीवर उतरतो. त्या कसरतीवरून त्यास डोंबारी म्हणतात. तिसरा किंचित मोठा, गडद तपकिरी असतो. त्याची खूण शेंपटीवर पाहावी. ती विटकरी असून टोकास काळा पट्टा असतो. नांगरटीच्या ढेकळांत तो विशेष आढळतो.

यांपैकीं तुरेवाल्याची शास्त्रांतील पहिली नोंद दख्खनमधूनच झाली. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या लष्करांतील अधिकारी मुंबई सरकारसाठीं या मुलखाची आंकडेवारी जमवीत हिंडत असे. जमीन, पिकें व लोकवस्ती यांच्या टिपणांबरोबर त्यानें पांखरेंही टिपलीं, व दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी सन १८३२ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कामकाजांत प्रसिद्ध झाली. तींत हा चंडोल होता. इंग्रजींत तो आजही साइक्सच्याच नांवानें ओळखला जातो. भारताबाहेर तो कोठेंही आढळत नाहीं. उजनी धरणाचें पाणी १९८० च्या सुमारास अडल्यापासून भिगवणास रोहित पक्षी येऊं लागले. ते पाहण्यास दूरदूरचे लोक मोटारी घेऊन येतात. ज्या माळावर मोटार उभी करितात, त्या माळाचा हा खरा रहिवासी कोणाच्या गांवींही नसतो.

चंडोल आकाशांत कां गातो, हें समजून घेण्यासारखें आहे. दयाळ किंवा बुलबुल झाडाच्या शेंड्यावर बसून गातो. माळावर शेंडा कोठून आणावा? म्हणून चंडोलानें आभाळालाच फांदी केली. तें गाणें नुसता आनंद नव्हे. 'येथून तेथपर्यंत माझें' असें तो शेजाऱ्यांस बजावीत असतो, व त्याच आवाजानें मादीसही बोलावितो. आपण बांध घालून हद्द दाखवितों, तो गळ्यानें दाखवितो. तुरेवाला तर इतर पक्ष्यांचे आवाजही आपल्या गाण्यांत बेमालूम मिसळतो. या गळ्यापायींच पूर्वी चंडोल पिंजऱ्यांत पाळीत असत. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास पकडणें हा गुन्हा आहे.

घरटें मात्र जमिनीवरच. ढेकळाच्या आडोशास, गवताच्या ठोंबाखालीं किंवा गुराच्या खुरानें पडलेल्या खळग्यांत थोडें गवत पसरून दोन-तीन अंडीं घातलेलीं असतात. फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंत कोणत्या ना कोणत्या जातीचीं अंडीं-पिलें भुईवर असतातच. पेरलेला दाणा तो मुळींच टिपीत नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्वारीच्या कणसावर थवे उतरतात ते चिमण्यांचे व राघूंचे. चंडोल भुईवर सांडलेलें बीं वेंचतो, आणि पिलांस तर किडे व अळ्याच भरवितो. तेवढ्या दाण्याचा हिशेब धरणें कोत्या मनाचें होय.

आतां माळाविषयीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचें पाणी आलें व बागाइतीनें या भागाचें रूप पालटलें. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. आपलीं घरें त्या पाण्यावरच उभीं राहिलीं. प्रश्न उरलेल्या माळाचा आहे. गांवचें गायरान, वनखात्याच्या ताब्यांतील कुरण आणि मुरमाड टेकाडें एवढाच तो उरला आहे. सरकारी नकाशांत खुरट्या झुडपांची अशी जमीन ओसाड म्हणून नोंदली जाते, आणि ओसाड म्हटलें कीं कोणी तेथें यंत्र लावून ती फोडावयास निघतो, तर कोणी मोठ्या पुण्यबुद्धीनें ओळीनें खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ लावतो. पुष्कळांस हें दुसरें काम निर्दोष वाटतें. आम्हांस वाटत नाहीं. सुमारें वीस इंच पावसाच्या या प्रदेशांत माळ म्हणजे तोडून उजाड झालेलें जंगल नव्हे. गवत हीच त्याची मूळ वनस्पती आहे. कुसळी, पवना, मारवेल यांचीं मुळें माती धरितात व पाऊस जिरवितात. दिवाळीनंतर कोंकणांत उतरणाऱ्या धनगरांचीं मेंढरें आषाढ-श्रावणांत यावरच जगतात. झाडांची सावली दाटली कीं हें गवत विरळ होतें, व मोकळें आभाळ गेलें कीं चंडोलही जातो. माळढोकाचें काय झालें तें आपण जाणतोंच. त्याच्यासाठीं १९७९ मध्यें सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य झालें, तरी आज तेथें तो क्वचितच दृष्टीस पडतो. आपल्याकडे सुप्याजवळ १९९७ मध्यें मयूरेश्वर अभयारण्य झालें व तेथें चिंकारे टिकून आहेत ही समाधानाची गोष्ट. पण तें क्षेत्र जेमतेम पांच चौरस किलोमीटरांचें आहे. सर्व माळ तेवढ्यांत मावणार कसा?

शेतकऱ्याकडून फार मोठ्या त्यागाची अपेक्षा नाहीं. उन्हाळ्यांत माळास काडी लावूं नये, कारण त्या वेळीं ढेकळांआड अंडीं असतात. शेताच्या कडेची हात-दोन हात गवताची पट्टी अखेरच्या वितीपर्यंत नांगरूं नये. ती बैलांसही उपयोगी पडते. गवत कापावयाचें तें बीं झडल्यावर, दसऱ्यापुढें कापावें. झाडें लावण्यास विहिरीचा काठ, ओढ्याची कड व रस्त्याच्या बाजू पडल्या आहेत. तेथें कडुनिंब, करंज खुशाल लावावे. गायरानांत वृक्षलागवडीचा ठराव ग्रामसभेपुढें आल्यास, कोणत्या गटांत गवत जिवंत आहे व कोणत्या गटांत नुसता मुरूम उघडा पडला आहे, याची पाहणी प्रथम मागावी. ती पहिला पाऊस पडून गेल्यावर सकाळच्या प्रहरीं करावी. ज्या तुकड्यावर आभाळांत चंडोल गातांना आढळेल, तो तुकडा खड्ड्यांतून वगळून मगच आंखणी करावी.