आत्मप्रदक्षिणा

भाद्रपद उजाडला की शिरूर-दौंडच्या वाटा गजबजतात. कोणी रांजणगावच्या महागणपतीस जातो, कोणी दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकास. सिद्धटेकचे देऊळ टेकडीस लागून असल्याने प्रदक्षिणा अवघ्या टेकडीला घालावी लागते. ती आम्ही तारुण्यापासून घालीत आलो. यंदा मात्र हृदयविकाराने आम्हांस उंबरठ्याशीच थांबविले. मीठ मोजून, पाणी मोजून, पावलेही मोजून! उभ्याने करावयाचे कीर्तन सुटले. देवाने आपली सेवाच नाकारली, असे प्रथम वाटले.

तेव्हा आम्हांस विनोबांचे स्मरण झाले. १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. विश्रांतीसाठी ते पवनारला गेले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी संन्यासाचे वचन त्रिवार उच्चारले आणि साऱ्या कार्याची चिंता तेथेच सोडली. पुढे रोज थोडे खणू लागले. आरंभ अवघ्या पाच मिनिटांचा. ते बरे झाले. प्रत्येकाचे तसे होईलच असे नाही. परंतु पाच मिनिटांच्या कामास त्यांनी कमी लेखले नाही, एवढे प्रत्येक रुग्णाने घ्यावे.

आपल्या पूजाविधीतही हीच दृष्टी आहे. देवाभोवती फिरावयास जागा नसेल तर जागच्या जागी स्वतःभोवती फिरावे, ती आत्मप्रदक्षिणा. तेही होत नसेल तर मानसपूजा. ही काही उरलीसुरली पूजा नव्हे.

मात्र संतोष म्हणजे उपचारांचा त्याग नव्हे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत शास्त्रकारांनी औषधही गणले आहे. गोळ्या चुकवून उपवास करणे, डायलिसिसची पाळी टाळून यात्रेस जाणे, ही भक्ती नव्हे. घरच्यांनीही "तुम्ही पडून राहा" असे म्हणून रुग्णास उत्सवातून वगळू नये. दूर्वा निवडावयास त्याच्या हाती द्याव्यात. एकवीस निवडताना त्यास अर्धा तास लागला, तर आरतीने अर्धा तास थांबावे.

सिद्धटेकची टेकडी जेथल्या तेथे आहे. डोळे मिटून, खाटेवर बसल्या बसल्या, आम्ही तिला रोज वळसा घालतो. पूर्वी सोबत्यांशी गप्पा मारीत घालीत असू. आता वाटेत कोणाशी बोलत नाही.