नेदरलँड्समध्ये समुद्रसपाटीखालून सायकल फेरी

इतिहास पाहायला जायचं म्हटलं की आपल्याला किल्ले, लेणी, राजवाडे आठवतात. नेदरलँड्सच्या खेड्यांत मात्र इतिहास तुमच्या सायकलच्या चाकाखाली असतो! कारण इथली बरीचशी जमीन माणसांनी पाणी उपसून मिळवली आहे. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. गाडीतून हे कळत नाही, सायकलवरून लगेच कळतं.

सुरुवात करा ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला, बेम्स्टरपासून. इथे पूर्वी तलाव होता. पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ मध्ये तो कोरडा केला गेला. आज तिथे पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, चौकोनी शेतं आणि चरणाऱ्या गाई आहेत. भोवतीच्या बांधावरून सायकल चालवताना एका बाजूला कालवा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याहून खाली असलेली शेतं!

दुसरा टप्पा किंडरडाइक. रॉटरडॅमहून वॉटरबसने जा, सायकल सोबत नेता येते. इथे १९ जुन्या पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. काहींमध्ये आजही कुटुंबं राहतात. पाणी उपसण्याचं रोजचं काम आता पंप करतात. ते थांबवून चालत नाही. १९५३ च्या पुरात बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर समुद्र अडवण्यासाठी मोठमोठे बंधारे बांधले गेले.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा :

• सायकलमार्गांवर चौकाचौकात क्रमांक असतात. हवे ते क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि पाट्या पाहत जा.

• इथे वाहतूक उजवीकडून चालते.

• भाड्याच्या अनेक सायकलींना पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आधी मोकळ्या जागेत सराव करा.

• रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट लागतं. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळा टाळा.

• चढ नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. पवनचक्क्या फिरवणारा वारा समोरून आला की दमछाक होते. आजी-आजोबा किंवा मुलं सोबत असतील तर दिवसाला २०-२५ किलोमीटर पुरे.

तिकडे शिकणाऱ्या मुलांना भेटायला जाणार असाल, तर एक दिवस यासाठी नक्की राखून ठेवा. बांधावर सायकल थांबवा आणि दोन्हीकडच्या पातळ्या मुलांना दाखवा. पाणी कुठे आहे आणि आपण कुठे, हे त्यांनाच ओळखू द्या.