ठेवीची जोखीम

बँकेत ठेव ठेवली म्हणजे जोखीम सरली, अशी पुष्कळ सुविद्य गृहस्थांचीही समजूत असते. ती आम्हांस मान्य नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांस सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा प्रथम देण्यात आली. ज्यांची सारी पुंजी तेथेच, त्यांनी घरखर्च कसा चालवावा? पुढे २०२० साली ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली खरी. परंतु तीत मुद्दल व व्याज दोन्ही आली, आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच्या नावच्या ठेवी एकत्रच धरितात. सबब, शाखा बदलणे हे निव्वळ मनाचे समाधान होय. बँकाच निरनिराळ्या असाव्यात. काही रक्कम टपाल खात्याच्या बचतपत्रांत गुंतवावी, कारण तेथे हमी सरकारची असते.